परीक्षक क्रमांक दोन

निबंध आला तेव्हा त्याला नाव नव्हतं.
जिथे नावं असतात तिथे पांढरी जागा,
खाली एक क्रमांक,
सोबत संपादकांचं पत्र: एकवीस दिवसांत कळवावे.
मानधन नाही. माझंही नाव
कुणाला कळणार नाही.

गंगापूर रोड, रात्रीचे साडेदहा.
टेबलावरचा तेलाचा डाग पुसला आणि वाचायला घेतलं.
दिंडोरी तालुक्यातल्या चौदा द्राक्षबागा,
गोडी छाटणीनंतरचे चाळीस दिवस,
आणि केवडा कधी येणार
(नाव काय सुवासिक, रोग काय मेला)
हे आधीच सांगणारं एक गणित.

गणित चांगलं होतं.
मला मत्सर वाटावा इतकं.

सहाव्या पानावर एक वाक्य भेटलं:
पान उलटल्याशिवाय निदान करू नये.
इंग्रजीत गेलं होतं, टाय बांधून,
तरी मी त्याला ओळखलं.
टी.वाय.च्या वर्गात शेवटच्या बाकाकडे बघत
मीच म्हणायचे ते, वर्षानुवर्षं,
कारण वरून दिसतो नुसता तेलकट ठिपका,
बुरशी खालच्या अंगाला असते,
पांढरी, गुपचूप.

म्हणजे त्या सगळ्या वर्गांमधलं कुणीतरी.
फॉर्मवर चौकोन होता:
लेखकाशी आपले हितसंबंध आहेत का?
मी संपादकांना कळवलं, बहुधा माझा विद्यार्थी,
कोणता ते सांगता येत नाही.
उत्तर आलं, सांगता येत नसेल तर चालेल.

मग तक्ता तीन.
मोहाडी. सोळा ऑक्टोबर. पाऊस: शून्य.

त्या सोळा ऑक्टोबरला मी मोहाडीत होते.
प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन परतताना
तासभर उभी होते एका ब्लोअरच्या शेडमध्ये.
पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना,
चपलेत चिखल, उत्तरपत्रिका पदराखाली.

पण हे लिहिता येत नाही.
मी तिथे होते, हा पुरावा नव्हे.
शिवाय परीक्षक कुठेच नसतो.

तीनदा खोडलं. चौथ्यांदा लिहिलं:
पान ओलं राहिल्याचे तास नऊ, पाऊस मात्र शून्य.
पर्जन्यमापकाची मूळ नोंद जोडावी.
आणि खालच्या यादीतून
'मोठे बदल आवश्यक' निवडलं,
बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसले,
शेजारच्या इमारतीत कुणाचा तरी कुकर होईपर्यंत.

पहिल्या परीक्षकानं, नंतर कळलं,
दोनच शब्द लिहिले होते: उत्तम. छापावे.

सात आठवड्यांनी उत्तर आलं, मुद्देसूद, जरा घुश्शातलं.
मापकाच्या नरसाळ्यात कुंभारमाशीनं
मातीचं घर बांधलं होतं.
मोहाडीच्या सगळ्या नोंदी वगळल्या आहेत.
अचूकता ब्याण्णववरून चौऱ्याऐंशीवर आली आहे.
दुसऱ्या परीक्षकांचे आभार.

त्या चौऱ्याऐंशीकडे मी पाहत राहिले.
आठ टक्के एका माशीच्या घरात राहत होते.

फेब्रुवारीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा,
मिसळीच्या रांगेत वाल्मीक बोरस्ते पाया पडला.
मॅडम, पेपर स्वीकारला माझा, अजून छापून यायचाय.
पण तो दुसरा परीक्षक, पाच महिने खाल्ले त्यानं!
कुणीतरी खडूस म्हातारा असणार,
बागेत पाय ठेवला नसेल जन्मात.

मी पापड मोडला.
असतात असे, म्हटलं. रस्सा घे अजून.
आणि म्हटलं,
मग त्या माशीचं काय केलंस?

माशीचं त्यानं अजून
सांगितलंच नव्हतं.

घास हातात तसाच. रांग पुढे सरकली,
मागून कुणीतरी लिंबू मागितलं.
वाल्मीकनं माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे,
आपला पापड उचलला,
सावकाश उलटून पाहिला,
आणि काही न बोलता खाल्ला.